अर्जातील आकडा एकच असावा

वकिलीचे शिक्षण, उन्हाळी सुट्टीतील कार्यानुभव आणि व्यापारी घरांचे आर्थिक नियोजन

व्यापारी घराला कायदा परका नाही. न वटलेल्या धनादेशाची ‘एकशेअडतीसची केस’, वस्तू व सेवा कराची नोटीस, गाळ्याच्या मालकीचा वाद, मोठ्या खरेदीदाराकडे महिनोन्‌महिने अडकलेली बाकी, यांपैकी काही ना काही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील पेढ्यांच्या वाट्याला येतच असते. उल्हासनगर तर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले शहर. तेथील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा शहरात दुकान चालवणाऱ्या गृहस्थाला केव्हा ना केव्हा वकिलाच्या कार्यालयाची पायरी चढावी लागतेच.

तरीही त्याच घरातील मुलगी पदवीनंतर एलएल.बी. करण्याची इच्छा व्यक्त करते, तेव्हा घर थबकते. त्याची कारणे दोन असतात. पहिले उघड आहे. शुल्क, पुस्तके, प्रवास आणि पुढे वकिलीत जम बसेपर्यंतची काही वर्षे, एवढा खर्च कोठून करावयाचा? दुसरे कारण सहसा बोलून दाखवले जात नाही. मंदिरात बोली बोलणारे, पाठशाळेला देणगी देणारे, भोजनशाळेत एक दिवसाची तिथी लिहून ठेवणारे हे घर असते. त्याने स्वतः साहाय्यासाठी अर्ज कसा करावयाचा? या संकोचात अर्जाची मुदत टळते आणि कोणीही ‘नको’ न म्हणता मुलीचे शिक्षण थांबते.

हा संकोच किती अनाठायी आहे आणि अर्ज करताना खरी दक्षता कोठे घ्यावयाची, हे नीट समजून घेतले तर पुष्कळ घरांचा मार्ग सुकर होईल.

उन्हाळा आणि कायद्याचा विद्यार्थी

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत उन्हाळी सत्र भरते आणि त्या सत्रासाठी अर्थसाहाय्याचा वेगळा अर्ज बहुतेक ठिकाणी करावा लागतो. तेथील केंद्र सरकारचे विद्यार्थी कर्ज मिळण्यासाठी विद्यार्थ्याने किमान निम्म्या अभ्यासभाराइतके विषय घेतलेले असावे लागतात. विद्यार्थी व्हिसावर भारतातून गेलेल्यांना ते कर्ज मिळत नाही, हे परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्या पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे. नेदरलँड्समधील हेग येथील आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी १९२३ पासून उन्हाळी वर्ग भरवीत आली आहे आणि त्यासाठी काही शिष्यवृत्त्याही देते. मात्र ही सोय मोजक्या आणि पुढच्या पायरीवरील विद्यार्थ्यांसाठी आहे.

आपल्याकडे विधी महाविद्यालयांत असे उन्हाळी सत्र नसते. तरी उन्हाळ्याचे महत्त्व कमी होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप, म्हणजे प्रत्यक्ष कार्यानुभव, पूर्ण करावा लागतो. एका वर्षात हा अनुभव सलग चार आठवड्यांहून अधिक घेता येत नाही. त्यामुळे शेवटच्या वर्षी एकदम सारे उरकून टाकता येत नाही. दरवर्षीची सुट्टी त्यासाठी राखावी लागते आणि सर्वांत मोठी सुट्टी उन्हाळ्याचीच असते.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. मे महिन्यात उच्च न्यायालयाला आणि जिल्हा पातळीवरील न्यायालयांनाही सुट्टी असते. त्या काळात केवळ तातडीची कामे चालतात. न्यायालयात बसून कामकाज पाहण्याच्या अपेक्षेने गेलेल्या विद्यार्थ्याची निराशा होते. म्हणून उन्हाळ्यातील चार आठवडे वकिलाच्या कार्यालयात मसुदे लिहिणे, करविषयक प्रकरणांची कागदपत्रे लावणे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात साहाय्य करणे यासाठी वापरावेत. न्यायालयातील कामकाज पाहण्यासाठी दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वीचे दिवस वा एखादे मोकळे सत्रांतर निवडावे. उल्हासनगरात नारी गुरसहानी विधी महाविद्यालय आहे. कल्याण आणि ठाणे येथील न्यायालये लोकल गाडीच्या मार्गावर आहेत. बदलापूरच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी मुंबईच्या मोठ्या कार्यालयात जाण्याची गरज नाही. दिवाणी दाव्याची संचिका कशी उघडतात आणि तारीख कशी पडते, हे कल्याणातही शिकता येते.

परंतु या चार आठवड्यांना पैसा लागतो. लोकलचा पास, बाहेरचे जेवण, काळा कोट, झेरॉक्स, संगणक आणि इंटरनेट असा तो खर्च असतो. शिकाऊ विद्यार्थ्याला मानधन मिळेलच असे नाही. बहुतेक ठिकाणी ते मिळत नाही. शासनाच्या शुल्कविषयक योजना महाविद्यालयाच्या शुल्कापुरत्या असतात आणि हा खर्च त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. ज्या सुट्टीत दुकानातील गर्दीमुळे मुलाचा हात घरी हवा असतो, त्याच सुट्टीत तो खर्च करून विनामोबदला काम करावयास जातो. घरातील खरा ताण येथे निर्माण होतो. म्हणून आर्थिक नियोजनात शुल्काबरोबरच उन्हाळ्याचे हे चार आठवडेही पहिल्या दिवसापासून धरावेत.

साहाय्याची तीन दारे

पहिले दार शासनाचे. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. जुलै २०२४ मधील शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांमधील मुलींना व्यावसायिक शिक्षणासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत दिली आहे. व्यापारी घरांतील मुलींच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. ‘मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला’ या जुन्या प्रश्नातील खर्चाचा भाग त्यामुळे बराचसा गळून पडतो.

जैन समाजाला केंद्र सरकारने २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्यामुळे उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठी राज्य शासनाची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही विद्यार्थ्यांना खुली आहे. हे सारे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर करावयाचे असतात. एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. तेव्हा आपल्या प्रकरणात कोणती अधिक लाभाची आहे याचा हिशेब आधी मांडावा.

या दारातून जाताना एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही. शुल्क सवलतीसाठी प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. सामायिक प्रवेश परीक्षा देऊन, पसंतीक्रम भरून मिळालेली जागा आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा यांत येथे मोठा फरक पडतो. ‘ओळखीने जागा मिळते आहे, परीक्षेचा त्रास कशाला’ असे म्हणून घाईने घेतलेला प्रवेश पुढे कित्येक हजार रुपयांना पडतो.

दुसरे दार कर्जाचे. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ साली स्थापन झाले. महाराष्ट्रात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत त्याच्या योजना राबवल्या जातात आणि व्यावसायिक शिक्षणासाठी सवलतीच्या व्याजदराने कर्ज मिळते. नावामुळे ही योजना एकाच समाजासाठी असल्याचा गैरसमज होतो. प्रत्यक्षात ती सर्व अधिसूचित अल्पसंख्याकांसाठी आहे आणि त्यांत जैनही आहेत.

बँकांच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे ४ लाखांपर्यंत घरच्यांना स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण द्यावे लागत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (सुरुवातीला ८६०) शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्जाची सोय आहे. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आणि अन्य शिष्यवृत्ती वा व्याजसवलत न घेणाऱ्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. ही यादी राष्ट्रीय क्रमवारीवर आधारलेली असल्याने आपले महाविद्यालय तीत आहे की नाही, हे प्रवेशापूर्वीच पाहून घ्यावे.

तिसरे दार समाजाचे. शैक्षणिक न्यास, ज्ञातिमंडळे, वसतिगृहे आणि संघांचे शिक्षण निधी यांचा त्यात समावेश होतो. शासन शुल्कापुरते पाहते आणि बँक परतफेडीपुरते. उन्हाळ्यातील चार आठवड्यांचा पास आणि जेवण यांचा विचार केवळ समाजाचा निधीच करू शकतो. ही रक्कम लहान असते, पण ती वेळेवर मिळाली तरच उपयोगाची असते.

दोन खिडक्या आणि एक आकडा

पगारदार गृहस्थाला उत्पन्न किती, हे विचारले तर तो पगारपत्रक पुढे करतो. व्यापाऱ्याचे उत्तर इतके सोपे नसते. गल्ल्यात येणारी रक्कम, उलाढाल, नफा आणि घरखर्चासाठी काढलेली उचल या चारही निराळ्या गोष्टी आहेत. बोलताना मात्र त्यांची सरमिसळ होते. लहान व्यापाऱ्यांसाठी असलेल्या अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीत उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेमार्फत वा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के, उत्पन्न धरले जाते. समजा, फर्निचरच्या दुकानाची वर्षाची उलाढाल ५० लाख रुपये आहे. ती सारी बँकेमार्फत आली असेल तर किमान ३ लाख आणि सारी रोखीने आली असेल तर किमान ४ लाख उत्पन्न विवरणपत्रात येते. प्रत्यक्ष नफा त्याहून अधिक असेल तर अधिक दाखवावयाचा असतो. ६ आणि ८ टक्के ही खालची मर्यादा आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न आला की या घरासमोर दोन खिडक्या उघडतात. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर उत्पन्न कमी असलेले बरे वाटते. कर्जाच्या खिडकीवर तेच जास्त असलेले बरे वाटते, कारण बँक परतफेडीची क्षमता पाहते. येथे मोह होतो. तहसील कार्यालयात ३ लाखांचा दाखला, बँकेत ‘खरे म्हणजे १० लाख सुटतात’ असे तोंडी आश्वासन आणि समाजाच्या न्यासापुढे तिसरेच चित्र, अशी एकाच घराची तीन उत्पन्ने तयार होतात.

हे चुकीचे आहे, एवढे म्हणून विषय संपत नाही. कारण प्रामाणिकपणाची किंमतही खरी आहे. ज्या घराचे उत्पन्न ८ लाख ३० हजार आहे, त्याने ते तसेच लिहिले तर शुल्कातील निम्मी सवलत हातची जाते. शेजारच्या घराने मात्र दाखला ‘व्यवस्थित’ करून घेतलेला असतो आणि त्याला ती मिळते. हे पाहून मन कचरणे स्वाभाविक आहे. गृहस्थाच्या गुणांत न्यायाने मिळवलेल्या धनाला आपल्या परंपरेने पहिले स्थान दिले, ते अशाच प्रसंगांसाठी. परंपरेचा आधार क्षणभर बाजूला ठेवला तरी निव्वळ व्यवहार काय सांगतो, तेही पाहावे.

पहिली गोष्ट, पॅन, आधार, बँक खाते आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आज एकमेकांशी ताडून पाहता येतात. शिष्यवृत्ती दरवर्षी नूतनीकरणाला येते. पहिल्या वर्षी खपलेली विसंगती दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी अडवली जाऊ शकते आणि तोवर मुलगा अभ्यासक्रमाच्या मध्यावर असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे शिक्षण वकिलीचे आहे. अर्जावर पालकांबरोबर विद्यार्थ्याचीही सही असते. ज्याला उद्या दुसऱ्यांची शपथपत्रे तयार करावयाची आहेत, पक्षकाराला ‘खरे तेच लिहा’ असे सांगावयाचे आहे, त्याच्या आयुष्यातील पहिले शपथपत्र असत्य असावे, यासारखी विसंगती नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीला सनद मिळण्यात १९६१ चा अधिवक्ता अधिनियम अडसर घालतो. लहानशा सवलतीसाठी एवढ्या मोठ्या गोष्टीला धक्का लावून घेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

तिसरी गोष्ट, हुकलेल्या सवलतीची भरपाई मोजता येते. एक लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के सरळ व्याजाने चार वर्षे राहिले तर व्याज ४० हजार रुपये होते. रक्कम लहान नाही, तरी ती ठाऊक असलेली, वर्षांत विभागता येणारी रक्कम आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावटही मिळते. खोट्या दाखल्याची किंमत मात्र कोणत्याही वहीत आधी मांडून ठेवता येत नाही.

यावर उपाय साधा आहे. विवरणपत्रातील उत्पन्न हाच पाया धरावा. तोच आकडा तहसीलदारांच्या दाखल्यासाठी, तोच बँकेसाठी, तोच समाजाच्या न्यासासाठी द्यावा. उत्पन्न यंदा घटले असेल तर एका परिच्छेदात कारण लिहावे आणि विक्रीची विवरणपत्रे जोडावीत. एकत्र कुटुंब असल्यास अर्जात ‘कुटुंब’ या शब्दाची जी व्याख्या दिली असेल ती वाचून, काका वा आजोबांचे उत्पन्न धरावयाचे की नाही ते ठरवावे. शंका असल्यास महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावे. अनेक अर्ज गरज नसल्यामुळे फेटाळले जात नाहीत. आकडे जुळत नाहीत म्हणून ते अडकून पडतात.

घेण्याचीही परंपरा

समाजाच्या इतिहासात देणाऱ्यांची नावे संगमरवरावर कोरलेली असतात. घेणाऱ्यांची परंपराही तितकीच थोर आहे, हे मात्र नव्या पिढीला सांगितले जात नाही.

आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले. उच्च शिक्षणासाठी शहरात येणाऱ्या जैन तरुणांना तेथे निवासाबरोबर कर्जाऊ शिष्यवृत्तीचाही मार्ग खुला झाला. शिकावे, कमवू लागल्यावर रक्कम परत करावी आणि त्या रकमेतून पुढचा विद्यार्थी शिकावा, ही त्यामागील कल्पना व्यापारी मनाला सहज पटणारी आहे. दानाची रक्कम एकदा खर्च होते, परतीची रक्कम पुन्हा पुन्हा फिरते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ ची. तिच्या कार्याशी निगडित असलेले अण्णासाहेब लठ्ठे हे एलएल.बी. झालेले वकील. ते पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग सर्व जातींच्या मुलांसाठी मोकळा केला. वसतिगृहाचा लाभ घेतलेल्या एका विद्यार्थ्याने समाजाला त्याची किती पटींनी परतफेड केली, याचे हे उदाहरण आहे.

कायद्याचे ज्ञान समाजाच्या कामी कसे येते, हे वीरचंद राघवजी गांधी यांनी दाखवले. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेमुळे ते सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस म्हणून त्यांनी शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील कराचा प्रश्न तडजोडीने सोडवला. सम्मेदशिखर पर्वतावरील डुकरांच्या चरबीच्या कारखान्याविरुद्ध कोलकात्यात राहून, बंगालीतील कागदपत्रे समजण्यासाठी ती भाषा शिकून, त्यांनी न्यायालयीन लढा दिला. तीर्थरक्षणासाठी भक्तीइतकीच कागदपत्रे वाचणारी नजरही लागते, हे त्या लढ्याने सिद्ध केले.

महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. त्या शिष्यवृत्तीला संस्थानची नोकरी करण्याची अट जोडलेली होती. लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि कायदा यांचे शिक्षण सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज अशी जुळवाजुळव करून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. शिष्यवृत्ती, बचत, दात्याचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज असे चार हात लागले, तेव्हा ते शिक्षण पुरे झाले. त्यांपैकी कोणत्याही हाताने त्यांची थोरवी उणी झाली नाही. शिष्यवृत्तीच्या अटी आणि मुदत आधी नीट वाचाव्यात, हा व्यावहारिक धडाही या चरित्रातून मिळतो.

सनद आणि पेढी

व्यापारी घरांनी आणखी एक प्रश्न अर्जापूर्वीच सोडवावा. ‘मुलगा वकीलही होईल आणि दुकानही पाहील’ अशी अनेकांची कल्पना असते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार सनदधारक वकिलाला स्वतः व्यापार करता येत नाही. व्यवसायाच्या प्रतिष्ठेला बाधा येत नसेल तर तो निष्क्रिय भागीदार राहू शकतो. वारशाने आलेल्या कौटुंबिक व्यवसायात त्याचा हिस्सा राहू शकतो, पण कारभारात प्रत्यक्ष भाग घेता येत नाही. शिक्षणाच्या काळातही महाविद्यालयातील हजेरी सक्तीची असते. दुकान सांभाळून केवळ परीक्षेला बसण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

म्हणून घराने आधी ठरवावे. मुलाला पेढीवरच बसावयाचे असेल तर कायद्याची पदवी घेऊनही सनद न घेता तो ज्ञानाचा उपयोग करू शकेल. मुलीला न्यायालयात उभे राहावयाचे असेल तर पहिल्या काही वर्षांत घराला तिच्या कमाईची अपेक्षा ठेवता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, हे विसरू नये. कर्जाचा हप्ता ठरवताना हा काळ धरूनच आकडा मांडावा. एक दिलासा मात्र निश्चित आहे. सनदेच्या नोंदणीसाठी काही राज्यांत ४० हजारांहून अधिक रक्कम घेतली जात असे. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण उमेदवारासाठी हे नोंदणी शुल्क ७५० रुपयांवर आणून ठेवले आहे.

केव्हा काय करावे

जानेवारी ते मार्च या काळात सामायिक प्रवेश परीक्षेची नोंदणी करावी आणि विद्यार्थ्याच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का ते तपासावे. नावातील अक्षरांचा फरकही पुढे त्रास देतो. गुणपत्रिकेवर एक आडनाव, आधारवर गोत्राचे दुसरे आणि पॅनवर तिसरे, हे आपल्या घरांत नेहमी आढळते. ते आधीच दुरुस्त करून घ्यावे.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. एप्रिल उजाडताच उत्पन्नाच्या नव्या दाखल्यासाठी अर्ज करावा. उल्हासनगरच्या रहिवाशांनी उल्हासनगर तहसील कार्यालयात आणि अंबरनाथ व बदलापूरच्या रहिवाशांनी अंबरनाथ तहसील कार्यालयात, किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून तो करावा. घर उल्हासनगरहून बदलापूरला हलवले आणि दुकान मात्र जुन्याच ठिकाणी राहिले, अशी अनेक कुटुंबे आहेत. त्यांचा तालुका बदललेला असतो आणि शिधापत्रिका जुन्या पत्त्याची असते. हे काम मे महिन्याच्या गर्दीआधी उरकावे. अधिवास प्रमाणपत्र आणि अल्पसंख्याक असल्याचे स्वयंघोषणापत्रही त्याच वेळी तयार ठेवावे.

समाजाच्या न्यासाकडे करावयाचा अर्ज एक पानाचा असावा. अभ्यासक्रम, वर्ष, मागील परीक्षेचे गुण, विवरणपत्राप्रमाणे उत्पन्न, अन्यत्र मिळालेले वा मागितलेले साहाय्य, आणि नेमकी हवी असलेली रक्कम त्यात लिहावी. उन्हाळी इंटर्नशिपसाठी वेगळा तक्ता द्यावा. कोठे, किती आठवडे, प्रवास किती, जेवण किती आणि पुस्तके किती, हे त्यात स्पष्ट असावे. रक्कम परत करण्याची तयारी असेल तर केव्हापासून, तेही लिहावे. असा अर्ज वाचणाऱ्या विश्वस्ताला घराची शिस्त कळते.

विश्वस्तांसाठी दोन शब्द

बहुतेक शिक्षण निधी जून ते ऑगस्टमध्ये, शाळा-महाविद्यालये सुरू झाल्यावर वाटप करतात. कायद्याच्या विद्यार्थ्याची उन्हाळ्याची गरज तोवर संपलेली असते. निधीतील एक लहान हिस्सा राखून त्याचे अर्ज फेब्रुवारीत मागवले आणि निर्णय मार्चअखेर दिला, तर त्या अल्प रकमेचा उपयोग पुरेपूर होईल.

दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्यांना समारंभात व्यासपीठावर बोलावून त्यांची नावे वाचण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. हेतू कौतुकाचा असतो. पण समोर बसलेल्या व्यापाऱ्यांत त्या मुलीच्या वडिलांना उधारीवर माल देणाराही बसलेला असतो. ‘यांची परिस्थिती खालावली’ ही बातमी बाजारात पोहोचली की पेढीच्या पतीला धक्का लागतो, आणि पत हेच तर लहान व्यापाऱ्याचे भांडवल. या भीतीपोटी गरजू घरे अर्जच करीत नाहीत. गुप्तदानाची आपली परंपरा देणाऱ्याचे नाव झाकते. घेणाऱ्याचे नाव झाकणे हाही त्याच परंपरेचा भाग मानावा. गुणवत्तेचा सत्कार जाहीर असावा आणि साहाय्य बंद पाकिटात असावे.

व्यापारात उधार घेणे कोणीही कमीपणाचे मानत नाही. माल उचलावा, वेळेवर फेडावे आणि नाव राखावे, ही बाजाराची रीत आहे. शिक्षणासाठी घेतलेल्या साहाय्यालाही तीच रीत लागू करावी. वेळेवर अर्ज करावा, खरा आकडा लिहावा, मिळालेल्या रकमेचा हिशेब ठेवावा आणि हाती चार पैसे आले की पुढच्या विद्यार्थ्यासाठी तेवढेच, जमल्यास थोडे अधिक, परत ठेवावेत. असे घर घेतानाही देणाऱ्यांच्याच पंक्तीत बसलेले असते.